पाणी वजा जाता

गबदूला गबदू हे नाव त्याच्या आत्याने दिलं आणि अख्ख्या गल्लीने ते उचलून धरलं. दीड वर्षाचं पोर, पण गाल असे की येणाऱ्याजाणाऱ्याने चिमटा काढल्याशिवाय पुढे सरकू नये. मनगटाला वळ्या, पाय टम्म, पापण्या जडावलेल्या. आत्या दारात उभी राहून सांगायची, "माझ्या हातचं खातंय ते! आई उभी लॉन्ड्रीत, बाप ट्रकवर. पोराकडे बघतं कोण? मी."

हे खोटंही नव्हतं. गबदूची आई सकाळी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहायची ती दिवेलागणीलाच घरी यायची. तोवर गबदू शेजारच्या खोलीत, मूलबाळ नसलेल्या थोरल्या नणंदेच्या मांडीवर. ती पीठ शिजवायची, पुरवठ्याला यावं म्हणून पाणी घालत जायची आणि वाटी वाटी पाजत राहायची. पोर रडायचं नाही, हट्ट करायचं नाही, बसवलं की बसून राहायचं. "गुणाचं गं बाई," गल्ली म्हणायची. आईलाही बरं वाटायचं. दुसऱ्याच्या जिवावर पोर टाकून जाणाऱ्या बाईला पोर गुणाचं असलेलं बरंच असतं. फक्त एक होतं. तो हसायचा कधी बंद झाला, ते काही केल्या तिला आठवत नव्हतं.

लस द्यायला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने गबदूच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. आई त्या खड्ड्याकडे बघत राहिली. तो भरून यायला किती वेळ लागला!

"बाई, हे बाळसं नाही," नर्स हळूच म्हणाली. "ही सूज आहे. पोर उपाशी आहे तुमचं."

उपाशी! आईला वाटलं, कुणीतरी भर रस्त्यात कानाखाली वाजवली.

त्याच दिवशी त्याला मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, सुकलेल्या नि सुजलेल्या पोरांच्या वॉर्डात ठेवून घेतलं. लांबट खोली, भिंतीला लागून खाटा, प्रत्येक खाटेवर एक आई आणि तिचं पोर. इथे कुणाला स्वतःचं नाव नव्हतं. जिचं जे पोर, ती त्याची आई. शेजारच्या खाटेवर जुळ्यांची आई होती. तिचं एक पोर मांडीवर आणि एक पाठीवर, आणि जीभ दोन्हींपेक्षा चपळ.

रोज सकाळी मापताई यायची. मापं घ्यायचं काम तिचं, म्हणून नाव मापताई. दंडाला पट्टी गुंडाळायची, फळीवर निजवून लांबी घ्यायची, मग उघडं करून काट्यावर ठेवायची. पोरं तिला बघूनच भोकाड पसरायची. "माझं नशीबच असलं," ती म्हणायची. "दुसऱ्यांना बघून पोरं हसतात, मला बघून पळतात. घरचं सुद्धा!"

आणि इथेच गबदूच्या आईचा जीव खालीवर व्हायला लागला. कारण वॉर्डातल्या इतर पोरांचे आकडे मुंगीच्या पावलाने का होईना वर चढत होते, आणि गबदूचा आकडा रोज खाली उतरत होता.

गाल गेले. वळ्या गेल्या. पापण्या उघडल्या आणि आतून दोन मोठे, म्हाताऱ्या माणसासारखे डोळे बाहेर आले. मांडीची कातडी सैल झाली, धाकट्याला थोरल्याची विजार घातल्यागत. औषध वेळेवर, पातळ दूध वेळेवर, वाटीला चमचा लावून मोजून. तरी पोर आपलं उतरतंच आहे.

"सूज उतरतेय, वजन उतरणारच," डॉक्टरीणबाई सांगायच्या. त्या भल्या होत्या, पण घाईत असायच्या. त्यांचं वाक्य संपेपर्यंत त्या पुढच्या खाटेपाशी पोचलेल्या असत.

नणंद रविवारी भेटायला आली, पिशवी खाली ठेवली आणि गबदूला बघून तिथेच मटकन बसली.

"हे काय केलंत गं माझ्या पोराचं?"

"वन्सं, सूज होती ती..."

"सूज? भरलेलं पोर दिलं होतं मी तुझ्या हातात. चिपाड करून ठेवलंय! सूज म्हणे. मग गल्लीतली सगळी माणसं आंधळी काय?"

"आत्याबाई, हळू," जुळ्यांची आई म्हणाली, "झोपलेली उठतील."

"उठू देत. निदान जिवंत आहेत हे तरी कळेल." नणंदेने पदराने डोळे कोरडे केले. "वहिनी, मी ह्याच्या बापाला फोन लावते. ट्रक इकडे वळवू दे. आज वजन खाली, उद्या वजन खाली. परवा काय?"

ते "परवा काय" आईच्या ओळखीचं होतं. कारण ती स्वतःही तेच विचारत होती, फक्त तोंड मिटून.

डॉक्टरीणबाई त्या वेळी परत फिरल्या. "तुमची शंका रास्त आहे," त्या चक्क खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या. "काटा फक्त वजन सांगतो. गेलं ते पाणी की मांस, हे काट्याला कळत नाही. त्याच्यासाठी वेगळं माप आहे. आला त्या दिवशी एकदा घेतलंय, आता परत घेऊ. मग दोन्ही ताडून बघता येईल."

"आणि मांसच गेलं असेल तर?" नणंदेने विचारलं.

"तर मग आमचं काहीतरी चुकतंय."

नणंद उठली. "ठीक. पाणी गेलं असेल तर मी सगळ्यांसमोर कान धरीन. मांस गेलं असेल तर पोर माझ्या काखेत. मग कुणी आडवं यायचं नाही. वहिनी, तूसुद्धा."

आईने मान डोलावली. लॉन्ड्रीत ओल्या चादरींची मोट उचलताना कंबर मोडते, आणि तीच मोट वाळली की एका हातात येते. चादर तीच. एवढं तिला कळत होतं. पण चादर आणि पोर यात फरक असतोच ना.

सोमवारी मापताईने छोट्या खोलीत ट्रे मांडला. ट्रेमध्ये झाकण लावलेली इवलीशी बाटली होती, आणि शेजारी कापसाचे बोळे.

"हे पाणीच आहे, पण जड जातीचं," तिने सगळ्या आयांना सांगायची तशी पुन्हा समजूत घातली. आला त्या दिवशीच्या घाबरगुंडीत आईच्या डोक्यात यातलं काही शिरलं नव्हतं. "अपाय काही नाही. असं बघा, चिमूटभर साखर वाटीभर पाण्यात टाकली तर गोड लागते. तीच घागरीत टाकली तर?"

"लागणारच नाही."

"तसंच हे. अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं. मग थुंकीत किती उतरलं त्यावरून आत वाटी आहे की घागर ते कळतं. पाणी वजा जाता जे उरलं, ते तुमचं पोर. फक्त तीन तास तोंडात काही म्हणजे काही जायचं नाही. पाणी नाही, दूध नाही. अंगावरही घ्यायचं नाही. एरवी पाजा हवं तेवढं, पण हे तीन तास नाही."

जड पाणी देण्याआधीच्या थुंकीचा एक बोळा घेऊन झाला, मग जड पाणी पोटात गेलं. पहिला तास बरा गेला. मापताईने चाव्यांचा जुडगा वाजवला, आईने बोटांची माणसं करून नाचवली. दुसऱ्या तासात गबदू कुरकुरला. तिसऱ्यात त्याने जे सुरू केलं, ते या वॉर्डात आल्यापासून केलं नव्हतं: तो रडला. आधी बारीक, मग ओरडून, मग हात पुढे करून, तिच्या ब्लाउजची कड मुठीत धरून. इतके महिने ज्या पोराने काही मागितलं नव्हतं, ते मागत होतं.

शेवटी शेवटी बाहेर काट्याशी कुणाचं तरी पोर घसरल्याचा गलका झाला, आणि मापताई "आलेच हं" म्हणून धावली. गबदूचा लंगोट ओला झाला होता. आईने त्याला पडद्यामागे नेलं, लंगोट बदलला, छातीशी धरलं. त्याचं तोंड आपोआप वळलं. तिचा पान्हा तर तिला न विचारताच आला होता. दूध ते कितीसं, पण आलं. दोन घोट. तीन. शांत झाला. तिने त्याला सोडवलं, ओठ पदराने टिपले, आणि मापताई हाश्शहुश्श करत आत आली.

"चला, झालं. आ कर राजा." तिने बोळा त्याच्या गालात फिरवला. "वा! केवढी लाळ! बाकीची पोरं या वेळेपर्यंत वाळवंट झालेली असतात."

आईने पदर सावरला. दोन घोटांनी काय होतंय, तिने मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. नणंद आधीच येऊन बसली होती.

"पाणी कमी झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "उलट आहे तेवढंच, थोडं जास्तच. म्हणजे वजन उतरलं ते..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गबदूच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला, पुन्हा दाबला. "पायावर तर सूज नाही. मग एवढं पाणी आत साठलंय कुठे? ताई, माप नीट घेतलं होतंस ना?"

"मी स्वतः बसले होते, मॅडम," मापताई म्हणाली. मग आईकडे वळली. "मधे काही दिलं नव्हतं ना तुम्ही?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. नणंदेचे सगळ्यात आधी. आईने मान हलवली. नाही.

"मग आपल्याला मूत्रपिंड, काळीज, सगळं तपासावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे ते होत नाही. शहरातल्या रुग्णालयात पाठवू. तोवर दूध वाढवायचं नाही, उलट कमी करू. आणि तोंडाने नको, नाकातून नळी घालू, म्हणजे मोजून जाईल."

त्या गेल्या. नणंद उठली. तिने खाटेखालची पिशवी ओढली आणि गबदूचे कपडे एकेक घडी करून भरायला लागली.

"नळी घालणार म्हणे. नाकात. चल रे माझ्या राजा, आपल्या घरी चल. आत्या आहे ना."

आई खाटेच्या कडेवर बसली. सांगितलं तर काय? नियम मोडणाऱ्या बाईला इथे ठेवतील? नणंद तर जन्मभर ऐकवील: तीन तास दम निघाला नाही तुला, आणि मला म्हणतेस पोर सांभाळता येत नाही! नाही सांगितलं तर नळी. नाहीतर पिशवी, ट्रक, घर, पुन्हा ती पातळ पिठाची वाटी. आणि मापताई. "मी स्वतः बसले होते" म्हणाली होती बिचारी, छातीवर हात ठेवून.

आणि याच्याही खाली एक वेगळीच भीती होती. त्या दोन घोटांनी खरंच एवढा फरक पडतो का? पडत नसेल तर? पोराचं मांसच गेलं असेल तर? मग सांगून तरी काय, फक्त आणखी थोडे दिवस खोटी आशा.

तिने गबदूचं पाऊल हातात घेतलं. तिच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. घोटा होता. त्याच्या पायाला घोटा असतो, हे ती विसरूनच गेली होती. जन्मला तेव्हा बघितला होता तिने, वाटाण्याएवढा.

समोरून मापताई हातात नळीचं पाकीट घेऊन येत होती. तिचं तोंड पडलेलं होतं.

"ताई, थांबा," आई म्हणाली. "मी पाजलं होतं त्याला. पडद्यामागे. तुम्ही आलात त्याच्या आधी."

मापताई जागीच थांबली.

"आत्ता विचारलं तेव्हा नाही म्हणालात," मापताई म्हणाली.

"हो."

"बोळा घेण्याआधी किती वेळ?"

"तोंड पुसलं, आणि तुम्ही आलातच."

मापताईने पाकीट खिशात घातलं. रागावली की सुटकेचा श्वास टाकला ते कळलं नाही. दोन्ही झालं असावं. "म्हणजे मी कापसाने तुमचं दूधच टिपलं," ती म्हणाली. "त्या दुधात जड पाणी कुठून येणार? थुंकी पातळ झाली. आणि घागर दिसली आम्हाला!" ती तशीच वळून डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे निघाली, चालता चालता जवळजवळ पळायला लागली.

"तीन तास," नणंद म्हणाली. "तीन तास नाही निघाला दम तुला."

"नाही निघाला, वन्सं."

"आणि तोंड उघडायला दिवस लागला."

नणंदेने पिशवीत भरलेला अंगरखा बाहेर काढला, बघितला, परत आत टाकला, परत काढला. शेवटी खाटेवर आपटला. "घ्या म्हणावं परत माप. या वेळी मी बसते पहाऱ्याला. बघू कोण पाजतंय ते."

डॉक्टरीणबाईंनी रागवायचं तेवढं रागवून घेतलं आणि नळी थांबवली. पण आधीचं जड पाणी अंगातून उतरायला हवं होतं, म्हणून काही दिवस वाट बघावी लागली. त्या दिवसांत गबदूचा आकडा एकदा तसाच राहिला, आणि एकदा थोडा खाली आला. आईने काट्याकडे बघायचं सोडलं होतं. ती मापताईच्या तोंडाकडे बघायची.

परत माप घ्यायच्या दिवशी मापताई म्हणाली, "या वेळी तुम्ही खोलीतच नको. तुमचा वास आला की तो मागणारच. त्यात त्याचा दोष नाही, तुमचाही नाही."

म्हणून आई बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली आणि आत गबदू आत्याच्या मांडीवर. दार ओढून घेतलेलं. पहिल्यांदा नणंदेचा आवाज बाहेर येत होता, वरच्या पट्टीत. "हे बघ कोण आलं! हा बघ कावळा! ताई, तुमच्या त्या चाव्या द्या हो इकडे. अगं बाई, ह्याला चावी नको, मापताईचा कान हवाय!" मापताईचं हसणं. मग गबदूची कुरकुर. मग रडणं.

रडणं वाढलं तसा तिचा ब्लाउज भिजला. तिने पदर घट्ट गुंडाळला, दोन्ही हात काखेत दाबून धरले. दार काही कुलूपबंद नव्हतं. नुसतं ढकललं की उघडलं असतं. येणारीजाणारी माणसं तिच्याकडे बघून पुढे जात होती. दवाखान्याच्या जिन्यावर रडणारी बाई काही नवी नसते. आतून नणंदेचा आवाज आता फुटत चालला होता. "नाही रे बाळा, नाही द्यायचं. मी नाही देऊ शकत. माझ्याकडे नाही रे काही." मग तेही थांबलं.

सगळंच थांबलं.

आई ताडकन उठली आणि दाराशी जाऊन फटीतून बघितलं. नणंद उभी होती, भिंतीकडे तोंड करून, हळूहळू डुलत. गबदू तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता. तिचा खांदा त्याच्या अश्रूंनी आणि नाकाने भिजला होता. आणि ती स्वतः, गल्ली गाजवणारी बाई, आवाज न करता रडत होती.

या खेपेला बोळा सहजी भिजेना. मापताईला तो पुन्हा पुन्हा फिरवावा लागला.

"आता बरोबर आहे," डॉक्टरीणबाई कागद वाचून म्हणाल्या, आणि या वेळीही उभ्याउभ्या नाही, स्टूल ओढून बसल्या. "गेलं ते पाणीच. जवळजवळ सगळं गेलंय. मांस होतं तेवढंच आहे, कणभरसुद्धा गेलेलं नाही. उद्यापासून दूध घट्ट करू आणि वाढवू. आता हा खराखुरा भरेल. वेळ लागेल. पण भरेल."

जुळ्यांची आई तिकडून ओरडली, "आत्याबाई, कान!"

नणंदेने हात कानापर्यंत नेला, पण तो तिथेच राहिला. ती गबदूकडे बघत होती. काड्यांसारखे पाय, बरगड्यांची फणी, वाटाण्याएवढा घोटा.

"मांस होतं तेवढंच आहे, म्हणालात," ती म्हणाली. "म्हणजे... तेव्हाही एवढाच होता का हा? गाल होते तेव्हाही? मी त्याला दारात घेऊन उभी राहायचे तेव्हाही?"

डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी घातली. "हो," त्या म्हणाल्या. "आत एवढाच होता."

नणंद खाटेवर टेकली. आईला वाटलं, हिचा हात धरावा, सांगावं की वन्सं, एकट्या तुमच्या हातचं नव्हतं ते. मीही रोज संध्याकाळी त्याला उचलून घेत होते. मलाही जड लागायचा, आणि मलाही बरं वाटायचं. पण तिने नुसतीच गबदूची वाटी पुढे सरकवली. दुधाची वेळ झाली होती. नणंदेने चमचा घेतला. आईने वाटी खालून धरली.

तेवढ्यात नणंदेच्या पिशवीतला फोन वाजला. गल्लीतलं कुणीतरी होतं. पलीकडचा आवाज आईलाही ऐकू येत होता. कसा आहे गं आमचा गबदू? गाल आले का परत?

नणंदेने चमचा गबदूच्या ओठांना लावला. त्याने तो ओढून घेतला, रिकामा झाला तरी दातांत धरून ठेवला.

"बारीक आहे," ती फोनवर म्हणाली. "खूप बारीक आहे." आणि जरा थांबून, "ठेवते आता. त्याला भूक लागलीय."